पाणी कोठे असावे आणि कोठे नसावे

मंडीदीपच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारा होशंगाबाद रस्ता भोपाळ शहर सोडण्यापूर्वी हबीबगंज नाक्यावरून जातो, आणि या रस्त्याने रात्रंदिवस धावणाऱ्या वाहनांत अधूनमधून एखादा लांबट, गोल पोटाचा पोलादी टँकर दृष्टीस पडतो, ज्याच्या पाठीवर कोनावर उभा केलेला एक चौकोन रंगविलेला असतो. चौकोनाचा वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा काळा. पांढऱ्या भागात दोन परीक्षानळ्या कलंडलेल्या, आणि त्यांतून गळणारे थेंब एकीकडे धातूची पट्टी व दुसरीकडे माणसाचा हात खात असलेले दाखविलेले. शेजारी १८३० हा आकडा लिहिलेला असेल, तर आत तीव्र गंधकाम्ल आहे असे समजावे. बाजारात त्यालाच सल्फ्युरिक ॲसिड म्हणतात आणि हिंदी मुलखात इतर आम्लांबरोबर त्यालाही सरसकट तेजाब या एकाच नावाने ओळखतात.

आता त्याच नाक्यावरून दहा नंबरच्या बाजाराकडे वळावे आणि एखाद्या बॅटरीवाल्याचे काम थोडा वेळ पाहावे. नवी बॅटरी भरताना प्लॅस्टिकच्या कॅनमधून तो जे आम्ल ओततो तेही गंधकाम्लच, फक्त पुष्कळ पाणी मिसळून सौम्य केलेले. परंतु त्याचा एखादा ओघळ बॅटरीखालच्या लोखंडी घोडीवर उतरला, की काही दिवसांत तेथला रंग फुगून उडतो आणि खालचे लोखंड तपकिरी होऊन पापुद्र्या-पापुद्र्याने गळू लागते.

सामान्य बुद्धीला येथे अडखळल्यासारखे होते. जे सौम्य आहे ते लोखंड खाते, आणि जे त्याहून कितीतरी तीव्र आहे ते लोखंडाच्याच टँकरात बसून शेकडो मैलांचा प्रवास निर्वेधपणे करते, हे कसे? या कोड्याचे उत्तर पाणी या एका शब्दात आहे. दाहक द्रव्यांची साठवण, हाताळणी आणि त्यांपासून बचाव या सर्व शास्त्राचा फार मोठा भाग पाण्याला कोठे मज्जाव करावा आणि कोठे त्याला मुक्तद्वार ठेवावे एवढ्याच विवेकावर उभा आहे. आणि या विवेकाचा संपूर्ण लोप झाला म्हणजे काय होते, याचा जगातील सर्वांत दारुण दाखला याच शहराच्या उत्तर टोकाला घडलेला आहे.

लोखंडावरची साय

तीव्र गंधकाम्ल पोलादाला स्पर्श करते तेव्हा तेही आरंभी लोखंड खातेच. परंतु या क्रियेतून लोखंडाचा जो सल्फेट नावाचा क्षार तयार होतो तो विरघळावयास तेथे पाणी जवळजवळ नसते, म्हणून तो भिंतीलाच चिकटून राहतो आणि तापलेल्या दुधावर धरलेली साय जशी खालच्या दुधाला झाकते, तसा त्या क्षाराचा पातळ थर खालच्या धातूला झाकून टाकतो. साय धरावयाची तर दूध ढवळू नये. त्याचप्रमाणे हा थर टिकावयाचा तर आम्ल नळांतून वेगाने वाहू नये, फार तापू नये, आणि मुख्य म्हणजे त्यात पाणी शिरू नये. पाणी शिरले की क्षार विरघळतो, थर धुऊन जातो, उघड्या पडलेल्या लोखंडाला आम्ल नव्याने खाऊ लागते, आणि या भक्षणात हायड्रोजन नावाचा अतिज्वालाग्राही वायू बाहेर पडतो.

म्हणूनच या धंद्यातील जाणते लोक भरलेल्या टँकरपेक्षा रिकाम्या टँकरला अधिक भितात. टँकर रिकामा झाला तरी तळाशी थोडे आम्ल राहतेच; ते हवेतील दमटपणा शोषून घेत घेत सौम्य होते, भिंती खाते, आणि बंद पोटात हायड्रोजन साठत जातो. अशा टँकरला ठिगळ लावावयास एखादा वेल्डर आपली ज्योत घेऊन आला, आणि आधी तो वायू काढून टाकण्याची तजवीज केलेली नसली, तर स्फोट होण्यास आणखी कशाचीही गरज उरत नाही. मोठ्या साठवण-टाक्यांच्या श्वासनलिकेवर ओलावा शोषणाऱ्या खड्यांची नळकांडी बसवितात ती याच कारणासाठी: टाकीतील आम्ल उपसले जात असता आत जाणारी हवा कोरडी होऊनच जावी.

प्रत्येक दाहक द्रव्याचा भांड्याशी असलेला व्यवहार निराळा असतो. बाजारात म्युरिॲटिक ॲसिड म्हणून विकले जाणारे हायड्रोक्लोरिक आम्ल लोखंडापासून जो क्षार बनविते तो पाण्यात सहज विरघळणारा असल्यामुळे तेथे थर धरण्याची आशाच नाही, आणि हे आम्ल स्वतःच पाण्यात मुरलेला वायू असल्यामुळे पाणी वगळण्याचा मार्गही बंद. सबब ते प्लॅस्टिकच्या किंवा आतून रबर चढविलेल्या भांड्यातच ठेवावे लागते. कॉस्टिक सोड्याचे द्रावण थंड असेपर्यंत लोखंडाच्या भांड्यात गुण्यागोविंदाने राहते, परंतु ॲल्युमिनियमवर पडले की ते धातूला फेसासह खात सुटते, आणि काचेच्या बुचाच्या बाटलीत ठेवले तर काचेलाही हळूहळू विरघळवून बूच असे घट्ट बसविते की बाटली फोडल्यावाचून ते निघत नाही. नत्राम्लाचा, म्हणजे नायट्रिक ॲसिडचा, स्वभाव आणखीनच तामसी: लाकडी फळी, भुसा, गोणपाट, चिंध्या यांवर ते सांडले तर नुसते डाग पडून भागत नाही, आग लागण्याचा संभव असतो. म्हणून सांडलेले आम्ल टिपावयास हाताशी आलेला लाकडाचा भुसा टाकण्याची जी सवय अनेक कारखान्यांत आढळते, ती नत्राम्लाच्या बाबतीत आत्मघातकी ठरते. तेथे कोरडी वाळूच हवी.

आम्ल पाण्यात घालावे

शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्येकाने ऐकलेला एक नियम आहे, की आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात घालू नये. नियम सर्वांना पाठ असतो, कारण फारच थोड्यांना. तीव्र गंधकाम्लाचे वजन समान आकारमानाच्या पाण्याच्या जवळजवळ १.८४ पट असते. त्यामुळे वरून ओतलेले पाणी खाली न उतरता आम्लाच्या पृष्ठभागावरच तरंगते. दोहोंच्या मिलनातून अतिशय उष्णता निर्माण होते, आणि ती सर्व त्या पातळ थरात कोंडल्यामुळे पाणी क्षणार्धात उकळून आपल्याबरोबर आम्लाचे तुषार घेऊन ओतणाऱ्याच्या तोंडावर उसळते. याउलट आम्ल पाण्यात बारीक धारेने सोडले, तर ते जड असल्यामुळे खाली जाताना पसरते आणि त्याची उष्णता पाण्याच्या मोठ्या साठ्यात वाटली जाते. कॉस्टिक सोड्याच्या पांढऱ्या पाकळ्या विरघळवितानाही हाच क्रम: आधी थंड पाणी, मग थोड्या थोड्या पाकळ्या, आणि ढवळणे अखंड. गरम पाण्याने काम लवकर होईल या मोहाला बळी पडून नळी साफ करणाऱ्यांनी आपले चेहरे भाजून घेतल्याची उदाहरणे कोणत्याही शहरात सापडतील.

टाकी क्रमांक ६१०

भोपाळच्या उत्तर भागातील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट नावाचे द्रव्य साठविलेले असे. सेव्हिन या कीटकनाशकाच्या निर्मितीतील तो एक मधला टप्पा होता. हे द्रव्य नाक्यावरच्या टँकरातील आम्लाहून सर्वस्वी निराळे. स्टेनलेस पोलादाशी त्याचे वैर नाही, परंतु डोळे, घसा आणि फुप्फुसे यांना ते भयंकर जाळते, आणि पाण्याशी त्याची क्रिया उष्णता व वायू निर्माण करीत चालते. ते अवघ्या ३९ अंशांवर उकळते, म्हणजे भोपाळच्या वैशाखात ते उघड्यावर द्रवरूपाने राहूच शकत नाही. म्हणून ते शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावे, त्यावर कोरड्या नायट्रोजनचा दाब राखावा, आणि त्याच्या टाकीला पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये असा शिरस्ता होता.

१९८४ च्या उन्हाळ्यानंतर या शिरस्त्यातील एकेक कलम कागदावरच राहिले. शीतकरणाचे यंत्र वर्षाच्या मध्यास बंद करण्यात आले. ६१० क्रमांकाच्या टाकीत नायट्रोजनचा दाब ऑक्टोबरपासून धरेना. टाकीत चाळीस टनांहून अधिक द्रव्य होते, आणि त्यात क्लोरोफॉर्म या दुसऱ्या द्रव्याची भेसळ ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर गेलेली होती. २ डिसेंबरच्या रात्री या टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले याविषयी वाद आहे: नळ धुताना जोडात पत्र्याची आंधळी चकती न घातल्यामुळे धुण्याचे पाणी पुढे सरकत टाकीपर्यंत गेले असे कामगारांचे व अनेक तपासनिसांचे म्हणणे, तर कोणी तरी जाणूनबुजून पाणी सोडले असा कंपनीचा पवित्रा. भारत सरकारच्या शास्त्रज्ञांनी १९८५ च्या अखेरीस दिलेल्या अहवालात हे पाणी सुमारे अर्धा टन असावे असा हिशेब मांडला. चाळीस टनांत अर्धा टन! प्रमाण पाहता उपेक्षणीय वाटावे असेच ते आहे.

परंतु पुढची साखळी लक्षपूर्वक पाहिली म्हणजे साठवणुकीचे शास्त्र एवढे खडूस का असते ते उमगते. पाण्याच्या क्रियेने उष्णता निर्माण झाली. उष्णतेने क्लोरोफॉर्म फुटून हायड्रोक्लोरिक आम्ल निर्माण झाले. त्या आम्लाने टाकीच्या स्टेनलेस पोलादाला खाण्यास आरंभ केला. पोलादातून सुटलेले लोखंडाचे कण द्रवात मिसळले आणि त्यांनी मिथिल आयसोसायनेटचे रेणू एकमेकांशी जोडले जाण्याच्या क्रियेला चेतविले. ही क्रिया स्वतःच अतिशय उष्ण असल्यामुळे तापमान २०० अंशांच्या वर गेले, आणि द्रवाचा वायू होऊन तो सुरक्षा-झडप उचलून बाहेर पडला. ज्या टाकीला आतील द्रव्य कधी खात नाही म्हणून ती निवडलेली, त्या टाकीचेच लोखंड अखेर अनर्थाला कारण झाले. टाकीत काय आहे याबरोबरच त्यात दुसरे काय मिसळू शकते, आणि त्या दोहोंपासून तिसरे काय निपजते, हा प्रश्न प्रत्येक कोठारपालाने विचारावयाचा असतो, तो यासाठी.

चढू न शकलेले पाणी

बाहेर निघणाऱ्या वायूसाठी उपाय योजलेले नव्हते असे नाही. वायूला कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुऊन निर्विष करणारा मनोरा होता, तो त्या काळात वापराबाहेर तयार स्थितीत ठेवलेला. उरलेला वायू जाळून टाकणारी ज्योत होती; तिच्याकडे जाणाऱ्या नळाचा गंजलेला तुकडा बदलावयास काढून ठेवलेला होता, आणि नवा बसलेला नव्हता. दाहक द्रव्यांच्या कारखान्यात गंज हा सर्वांत मामुली शत्रू. त्याने सुरक्षेचे साधनच नेमक्या त्या आठवड्यांत निकामी केलेले असावे, यात योगायोगापेक्षा हलगर्जीचा भाग मोठा होता असे माझे मत आहे. अखेरचा उपाय पाण्याच्या फवाऱ्यांचा पडदा. हा वायू पाण्यात शोषला जातो, म्हणून फवारे सोडण्यात आले. पण वायू निघत होता सुमारे ३३ मीटर उंचीवरून, आणि पाणी चढत होते त्याच्या निम्म्यापर्यंतच. जेथे पाणी एक थेंब नको होते तेथे अर्धा टन गेले, आणि जेथे त्याची नितांत गरज होती तेथपर्यंत ते पोचले नाही.

वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड, त्यामुळे तो जमिनीलगत वाहिला. वारा त्याला दक्षिणेकडच्या दाट वस्त्यांवर घेऊन गेला. पुढे महापालिकेच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग गॅसबाधित म्हणून जाहीर झाले. भोपाळ जंक्शनपलीकडे दक्षिणेला काही किलोमीटरवर असलेल्या हबीबगंजच्या बाजूचे नवे भोपाळ तुलनेने बचावले. मृतांचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता. राज्य सरकारने तो नंतर ३,७८७ वर नेला, आणि हाही आकडा अपुरा आहे असे मानणारे लोक भोपाळात आजही बहुसंख्य आहेत. त्या रात्री जे धावले त्यांचा श्वास जोराने चालला आणि त्यांच्या फुप्फुसांत विष अधिक गेले. तोंडा-नाकावर ओला कपडा घट्ट धरून, वाऱ्याच्या आडव्या दिशेने, शांतपणे चालत जाणे हा त्या वायूपुढे बऱ्यापैकी बचाव ठरला असता. कापडातील पाण्याने वायूचा काही अंश तेथेच अडविला असता. पण हे सांगावयाचे कोणी? कारखान्यात काय साठविले आहे व ते सुटल्यास काय करावे, याची माहिती शेजारच्या वस्तीस देण्याची पद्धतच नव्हती.

दोन आठवड्यांनंतरचे दृश्य याच्या नेमके उलट होते. उरलेले मिथिल आयसोसायनेट टाकीत तसेच ठेवणे धोक्याचे, म्हणून १६ डिसेंबरपासून डॉ. एस. वरदराजन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे सेव्हिनमध्ये रूपांतर करून टाकण्याची मोहीम सुरू झाली. भीतीने लाखो लोक शहर सोडून गेलेले. कारखान्याच्या कुंपणाला ओल्या कापडाचे पडदे बांधले होते, आणि वरून हेलिकॉप्टरे पाण्याचा शिडकावा करीत होती. पाण्याला या खेपेस त्याची योग्य जागा मिळाली. हे वरदराजन ज्या शास्त्रीय व औद्योगिक संशोधन परिषदेचे होते, तिची भोपाळातील प्रयोगशाळा १९८१ मध्ये स्थापन झालेली असून ती हबीबगंज नाक्याजवळच आहे, ही गोष्ट या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या ध्यानातही नसते.

डोळा, कातडी आणि पंधरा मिनिटे

टाकीच्या आत पाणी जितके निषिद्ध, तितकेच शरीरावर दाहक द्रव्य पडताच ते अनिवार्य. आणि थोडे नव्हे. वाहते, मुबलक, निदान पंधरा मिनिटे. लोक दोन मिनिटे हात धुतात, झोंबणे कमी झाले की थांबतात, आणि संध्याकाळपर्यंत फोड उठतो. याचे कारण असे की द्रव्य कातडीच्या पृष्ठभागावर असते तेवढे पहिल्या मिनिटात निघून जाते, परंतु जे आत मुरले ते ज्या संथ गतीने आत गेले त्याच संथ गतीने बाहेर येत राहते, आणि ते वाहून नेण्यास पाणी सतत हवे. आम्लावर खाण्याचा सोडा किंवा अल्कलीवर लिंबू चोळण्याचा घरगुती उपाय मुळीच करू नये. दोहोंच्या क्रियेतून उष्णता निघते आणि भाजलेल्यावर आणखी भाजते. कपड्यांवर सांडले असेल, तर लाज बाजूस ठेवून ते आधी उतरवावेत, कारण ओला कपडा त्या द्रव्याला अंगाशी धरून ठेवतो. कोरडी भुकटी पडली असेल, तर ती प्रथम झटकावी व मग धुवावे.

आम्ल आणि अल्कली यांत लोक आम्लाला अधिक भितात. डोळ्यांच्या बाबतीत ही भीती चुकीच्या जागी आहे. आम्ल पेशींतील प्रथिने गोठविते आणि त्या गोठलेल्या थरामुळे त्याच्याच पुढील गतीस काही आळा बसतो. अल्कली मात्र चरबीचा साबण करीत, मार्ग मोकळा करीत खोल उतरते, आणि आरंभी वेदना कमी असल्यामुळे माणूस गाफील राहतो. भोपाळसारख्या पान खाणाऱ्या शहरात याचे उदाहरण प्रत्येक पानपट्टीवर टांगलेले असते: खाण्याच्या चुन्याची लहान पुडी. मूल ती दोन बोटांत धरून दाबते, पुडी फुटते, आणि ओला चुना थेट डोळ्यात उडतो. भारतातील नेत्रवैद्यांना हा प्रकार चांगलाच परिचित आहे. अनेक मुलांच्या बुबुळावर त्यामुळे कायमचे पांढरे वडस आलेले आहे. अशा वेळी डोळा चोळू न देता पापण्या बोटांनी उघड्या धरून तेथल्या तेथे स्वच्छ पाण्याची धार सोडावी, पापणीआड अडकलेले चुन्याचे कण निघतील असे पाहावे, आणि मग रुग्णालय. रुग्णालय आधी आणि पाणी नंतर, असा क्रम लावणाऱ्याने डोळा गमावला असे समजावे.

हातमोजा, चष्मा, मुखवटा

संरक्षक साधनांविषयी बोलताना एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे, की ती शेवटची फळी आहेत. कमी घातक द्रव्य वापरणे, ते कमी प्रमाणात साठविणे, बंद नळांतून नेणे, हवा खेळती ठेवणे हे सर्व करून झाल्यावर जो धोका उरतो, त्याच्यासाठी हातमोजे असतात. एखाद्या मालकाने हजार रुपयांचे मोजे वाटून आपली जबाबदारी संपली असे मानले, तर तो मोज्यांकडून भिंतीचे काम मागत असतो.

मोजा मोज्यासारखा दिसला म्हणून पुरत नाही. सुती आणि चामडी मोजे आम्ल शोषून घेतात आणि हाताभोवती लपेटून ठेवतात, म्हणजे मोकळ्या हातापेक्षाही वाईट. दवाखान्यातील पातळ रबरी मोजा क्षणभराच्या शिंतोड्यापुरता. निळे नायट्राइलचे मोजे सौम्य आम्लाला व कॉस्टिकला चांगले तोंड देतात, परंतु तीव्र नत्राम्लापुढे टिकत नाहीत; तेथे निओप्रीन किंवा ब्यूटिल रबराचे जाड मोजे लागतात. प्रत्येक मोज्यातून प्रत्येक द्रव्य केव्हा ना केव्हा पार होतेच, आणि त्यास लागणारा वेळ उत्पादक आपल्या तक्त्यात छापतो. तो तक्ता वाचणारा कारकून भांडारात असणे हे मोजा असण्याइतकेच महत्त्वाचे आहे. चष्म्याचेही तसेच. नजरेचा चष्मा बाजूने उघडा असतो. डोळ्यांना चोहोकडून चिकटणारा बंद चष्माच हवा, आणि ओतण्याचे काम असेल तर त्यावर पूर्ण चेहऱ्याची पारदर्शक ढाल. गमबुटांच्या आत विजार खोवली तर सांडलेले आम्ल सरळ बुटात उतरते, म्हणून विजारीचे पाय बुटांवरून बाहेर सोडावेत. डोक्याच्या वरच्या नळावर काम करावयाचे असेल, तर मोज्यांचे काठ बाहेरच्या बाजूस दुमडावेत, म्हणजे ओघळ कोपरापर्यंत न येता त्या दुमडीत अडेल. काम संपल्यावर मोजे हातात असतानाच ते आधी पाण्याने धुवावेत आणि मग काढावेत. हा क्रम उलटला की मोज्यावरचे आम्ल बोटांवर येते.

मुखवट्याची कथा याहून गंभीर आहे. डब्याचा मुखवटा हवा गाळतो, हवा पुरवीत नाही. ज्या टाकीत प्राणवायूच कमी आहे तेथे तो घालून उतरणारा गुदमरून मरतो, आणि त्याला काढावयास त्याच मुखवट्याने उतरणारा दुसराही. शिवाय तो केव्हा काढावयाचा हे कळणे हाच त्याच्या उपयोगाचा अर्धा भाग. डिसेंबर १९८१ मध्ये याच कार्बाइडच्या कारखान्यात नळाच्या जोडाचे काम करताना एका कामगाराच्या अंगावर फॉस्जीन नावाचे विषारी द्रव्य द्रवरूपात उडाले. त्याच्या तोंडावर मुखवटा होता. घाबरून, अंग धुण्यापूर्वीच, त्याने तो उतरविला, आणि कपड्यांवरून उठणारा वायू त्याच्या फुप्फुसांत गेला. दोन-तीन दिवसांत त्याचा अंत झाला. मुखवटा दिलेला होता, तो घातलेलाही होता. पण भयाच्या क्षणी हात आपोआप योग्य क्रमाने चालावेत इतका सराव करवून घेतलेला नव्हता. या मृत्यूनंतर राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने १९८२ मध्ये आपल्या 'रपट' साप्ताहिकात या कारखान्याविषयी एकामागून एक इशारे छापले, ज्यांची दखल कोणत्याही दप्तराने घेतली नाही.

चौकट : घरातील कपाटापुरते

• संडास साफ करण्याचे आम्ल आणि कपडे पांढरे करणारे ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एकाच फळीवर ठेवू नयेत आणि एकापाठोपाठ एक ओतू नयेत.
• कोणतेही दाहक द्रव्य पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नये. मूळ बाटली, मूळ चिठ्ठी, घट्ट बूच.
• बाटल्या डोळ्यांच्या पातळीखाली, प्लॅस्टिकच्या परातीत ठेवाव्यात. पण मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलूपबंद जागी.
• आम्लाच्या बाटलीतून निघणाऱ्या वाफेने शेजारची लोखंडी हत्यारे, बिजागऱ्या आणि गॅसची शेगडी गंजतात. ही बाटली मोकळ्या हवेत, स्वतंत्र ठेवावी.
• कोणी गिळल्यास उलटी करवू नये. द्रव्य अन्ननलिकेला परतीच्या वाटेवर पुन्हा जाळते. तोंड धुववून लगेच रुग्णालयात न्यावे.

कायदा आणि सोसायटीचा हिशेब

१९८४ नंतर कायद्यांचा बंदोबस्त पुष्कळ झाला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, कारखाने कायद्यातील १९८७ ची दुरुस्ती, आणि १९८९ चे घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम यांनी मोठ्या कारखान्यांवर आपल्या साठ्याची माहिती देण्याची आणि आणीबाणीची योजना आखण्याची सक्ती केली. शेजारच्या वस्तीला आत काय आहे हे कळण्याचा हक्क त्यातून प्रथमच मान्य झाला. किरकोळ विक्रीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी हुकूम दिला, की दुकानदाराने खरेदीदाराचे ओळखपत्र पाहून, कारण विचारून आणि वहीत नोंद करूनच आम्ल विकावे, व अठरा वर्षांखालील कोणास विकू नये. हा हुकूम ॲसिड-हल्ल्यांच्या खटल्यातून निघाला होता, परंतु अपघातांसाठीही तो तितकाच उपकारक आहे. त्याची अंमलबजावणी कशी आहे हे कोणीही जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पाहावे.

कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, बंद कंटेनरांतून पीथमपूरला हलविण्यात आला आणि त्या वर्षाच्या मध्यापर्यंत तेथे जाळण्यात आला. सरकारी पातळीवर या विषयाची गती अशी आहे.

घरगुती पातळीवर मात्र कोणासाठी थांबण्याचे कारण नाही. भोपाळची अरेरा कॉलनी असो, पुण्यातील कोथरूड असो वा नागपूरचे धरमपेठ, प्रत्येक वसाहतीत आठवड्यातून एकदा कोणी तरी बाई किंवा बाप्या उघड्या हातांनी, उघड्या डोळ्यांनी जिन्यावर आणि संडासात ॲसिड ओतून घासत असतो, आणि त्या द्रव्याचा खर्च आपल्या दरमहा वर्गणीत बिनतक्रार मांडला जातो. त्याच हिशेबात गुडघाभर रबरी बूट, कोपरापर्यंतचे जाड मोजे आणि एक बंद चष्मा यांची रक्कम घालावी; जेथे हे काम चालते तेथे चालू नळ आणि त्याला जोडलेली रबरी नळी आहे की नाही हे सचिवाने स्वतः जाऊन पाहावे; आणि नसेल, तर ती बसेपर्यंत ॲसिडची बाटली उघडू देऊ नये.